अष्टमीची ओहोटी

पनवेलला कुणी मुद्दाम जात नाही, पनवेलवरून जातात. आमच्या लातूरची माणसं मुंबईला जाताना पनवेल आलं की झोपेतून उठून केस विंचरतात, एवढाच त्यांचा त्या गावाशी संबंध. मी मात्र गेल्या फाल्गुनात चांगले पाच दिवस तिथे राहून आले, आणि तेही इतिहासाच्या एका पेपरसाठी. घरी कुणाला हे पटलं नाही. आई म्हणाली, "इतिहास पुस्तकात असतो की, त्याला तिकडं कशाला जायचं?" खरं सांगायचं तर तोवर माझंही मत तेच होतं.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. संशोधनपर निबंधासाठी मी पनवेल-उरण भागातली मिठागरं हा विषय घेतला होता, कारण वर्गात तो दुसऱ्या कुणी घेतला नव्हता आणि त्यावरचा एक जुना इंग्रजी सरकारी अहवाल मला इंटरनेटवर आयता मिळाला होता. समुद्र मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्याने माझं काही अडलं नाही. मी चाळीस पानं लिहिली, रंगीत मुखपृष्ठ केलं, स्पायरल बाइंडिंग केलं आणि आमच्या बिरादार सरांना मोठ्या ऐटीत नेऊन दिलं.

आठ दिवसांनी पेपर परत आला. चाळीस पानांत तांबड्या शाईची एकच खूण होती. एका मिठागराबद्दल मी लिहिलं होतं, की "राखणदाराच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे बांध फुटला आणि मिठागर कायमचे बुडाले." सरांनी "अक्षम्य"खाली दोन रेघा मारून समासात लिहिलं होतं, "क्षमा करणार की नाही हे ठरवणारी तू कोण? हे वाक्य सिद्ध कर, नाहीतर काढ."

मी म्हटलं, "सर, अहवालात आहे. म्हणजे अक्षम्य माझं आहे, पण हलगर्जीपणा अहवालातला आहे."

"अहवाल कुणी लिहिला?"

"सरकारी अधिकाऱ्यानं."

"आणि त्याला कुणी सांगितलं?"

हे मला माहीत नव्हतं. अहवालाला कुणी काही सांगितलेलं असतं, हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सर म्हणाले, "पंधरा दिवस आहेत. भरती-ओहोटी बघून ये आधी, मग पाण्यावर लिही." मला राग आला. वाक्य काढून टाकायला एक मिनिट लागलं असतं. पण काढलं असतं तर सर जिंकले असते, म्हणून मी पनवेलचं तिकीट काढलं.

नवीन पनवेल

माझी मावसबहीण रेखाताई नवीन पनवेलला राहते. तिचे यजमान, आमचे भाऊजी, न्हावा शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला आहेत. त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एका बाजूला डोंगर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला ट्रेलरची रांग. डोंगर जागचा हलत नाही आणि रांगही फारशी हलत नाही.

पहिल्याच दिवशी ताईने विचारलं, "फिरायला कुठे कुठे जायचंय?" मी म्हटलं, "मिठागरात." ती चमचा हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. बारा वर्षं इथे राहून ती एकदाही मिठागरात गेली नव्हती. मीठ ती दुकानातून आणते, आणि ते पाकीट गुजरातचं असतं. घरापासून काही मैलांवर मीठ पिकतं आणि डब्यात शेकडो मैलांवरचं मीठ, याची मला गंमत वाटली. पण आमच्या लातूरला तरी काय, तूरडाळीच्या गावात आम्ही पाकीटबंद डाळ आणतोच.

भाऊजींनी मात्र काम केलं. अहवालातल्या त्या मिठागराच्या गावचा एक माणूस त्यांच्या यार्डात आहे. त्याची बायको सुगंधाताई गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. भाऊजींनी तिला फोन लावून दिला. ती म्हणाली, "या ना उद्या. आमच्या सासूबायना जुना सगला म्हाईत हाय." गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

खाडीवर

त्या गावाकडे जाणारा रस्ता मी विसरणार नाही. दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेले कंटेनर, निळे, तांबडे, विटकरी, पाच-पाच मजली. मग एकदम ते संपतात आणि डावीकडे तिवरांची हिरवी झुडपं, पलीकडे चिखल आणि त्याच्याही पलीकडे आभाळ सुरू होतं. रिक्षावाल्याला मी विचारलं, "समुद्र कुठाय?" तो म्हणाला, "यो काय, हाच. आता नाय आला, यील जरा वेलान." जणू समुद्र भाजी आणायला गेला होता.

सुगंधाताईंचं घर दुमजली, टाइल्स लावलेलं, दारात चारचाकी. रिकामी मिठागरं आणि शेतं प्रकल्पांत गेल्यावर गावाने अशी घरं बांधली आहेत. ओट्यावर तिची सासू, चांगुणाबाय, सुकट निवडत बसली होती. सत्तरी नुकतीच ओलांडलेली असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं आणि नजर अशी, की आपण खोटं बोललो तर हिला आपल्याआधी कळेल.

मी तिला वाकून नमस्कार केला आणि त्या मिठागराचं नाव घेतलं. तिचा सुकट निवडणारा हात थांबला.

"त्या आगरचा राखनदार माजा बाप," ती म्हणाली. आगर म्हणजे मिठागर, हे मला तोवर समजलं होतं. मी काही विचारायच्या आतच ती पुढे म्हणाली, "बांद फुटला तवा बाप बांदावरच होता. घरी नव्हता आला. लिवून घे."

माझ्या पिशवीत चाळीस पानं होती आणि त्यांतल्या एका पानावर तिच्या बापाला मी अक्षम्य म्हटलं होतं. कुणाच्या घरी जेवायला जावं आणि त्याचीच चहाडी खिशात असावी, तसं मला झालं. मी मुकाट्याने लिहून घेतलं.

जेवण मी आयुष्यात विसरणार नाही असं होतं. तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा पाहिली. आमची ज्वारीची भाकरी दणकट असते, ही कागदासारखी पातळ, मऊ, आणि पांढरी इतकी की हात लावायला भीती वाटावी. बरोबर सुकटीचं कालवण आणि कैरी. मी मटण खाणारी, पण मासळी कधी खाल्लेली नव्हती. पहिला घास डोळे मिटून घेतला, दुसरा उघड्या डोळ्यांनी, आणि तिसऱ्याला विचारलं, "आणखी आहे का?" चांगुणाबाय पहिल्यांदा हसली.

साडेबाराच्या सुमारास सुगंधाताई मला बांधावर घेऊन गेली. अहवालातलं मिठागर आता नाही. तिथे तिवरं माजली आहेत. पण त्याच्या शेजारी एक लहानसं मिठागर अजून चालू आहे. चौकोनी उथळ वाफे, त्यांत बोटभर पाणी, आणि एक माणूस लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते पाणी हळूच ओढत होता. मी वाकून पाहिलं. पाण्यावर काहीतरी पांढरं धरत होतं, तापवलेल्या दुधावर साय धरते तसं. ती साय जड होऊन खाली बसत होती आणि तळाला तिचे खडे होत होते. माझ्या डोळ्यांदेखत पाण्याचं मीठ होत होतं. मी मिठागरांवर चाळीस पानं लिहिली होती आणि त्यांत हे कुठेच नव्हतं. त्या वाफ्यापाशी मी किती वेळ उकिडवी बसले होते कोण जाणे. लहानपणी पहिल्यांदा वासरू जन्मताना पाहिलं होतं, तेव्हा अशी गप्प झाले होते.

त्या माणसाने मला उघाडी दाखवली. बांधातला लाकडी फळ्यांचा दरवाजा. भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं, मग फळ्या टाकायच्या. अख्खा समुद्र बाहेर उभा आणि त्याला हवा तेवढाच आत घेणारी ही चार फळ्यांची व्यवस्था. तिचा फोटो काढायला मी बांधाच्या बाहेरच्या बाजूला, कोरड्या चिखलात उतरले. चपला आणि पिशवी एका मोठ्या दगडावर ठेवली. या कोनातून, त्या कोनातून असे तीस-चाळीस फोटो काढले. वळून पाहते तर दगड नाही!

दगड होता, पण पाण्यात होता. पाणी आवाज न करता आलं होतं. एक चप्पल तरंगत निघाली होती, दुसरी दिसेना, आणि पिशवीचा पट्टा तेवढा वर. मी ओरडले आणि तशीच पुढे गेले, तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. तो मिठागरवाला हसत हसत आला, त्याने एका हाताने पिशवी उचलली आणि दुसऱ्या हाताने मला.

घरी आल्यावर चांगुणाबायने माझ्या अवताराकडे पाहिलं. "तिथी बगून नाय गेली क तू?"

"तिथीचा काय संबंध?"

"आज चवथ. चाराची पाऊन तीन. तीनला पूर्न भरती. मंग दीडला पानी चरतच असनार ना!" तिने हे इतक्या सहज सांगितलं, जसं आपण कुणाला घड्याळ बघून वाजले किती ते सांगतो.

मी तिच्याकडून तीन-चारदा समजून घेतलं. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं. येईल त्या वाजता पूर्ण भरती, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्याच्यापासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी, तिच्या भाषेत सुकती. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास सगळ्यात कमी चढतं, तो भांग. मी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक काढून पाहिलं. दहा-बारा मिनिटांचा फरक. या बाईने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही आणि चंद्राचं गणित तिच्या बोटांच्या पेरांवर आहे! आमच्याकडे पाणी टँकरने येतं आणि कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. इथे समुद्राने दिलेली वेळ लोक आपल्या बोटांवर मोजतात. मला त्या ओट्यावर बसून फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं चांगलं होतं.

सुगंधाताईने माझे भिजलेले कागद, पेपर आणि त्या इंग्रजी अहवालाची प्रत, कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातले होते. चांगुणाबाय त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"यात काय लिवलाय?"

टाळता आलं असतं. इंग्रजी आहे, सरकारी आहे, काही नाही विशेष, असं म्हणता आलं असतं. पण तिच्या घरचं जेवण पोटात होतं. मी अहवालाचं ते पान काढून तिला मराठीत सांगितलं. अमुक तारखेला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची मोठी भरती येऊन बांध फुटला, राखणदार त्या वेळी जेवायला घरी गेला होता.

"बाराला?" ती म्हणाली. "कागदात बारा लिवलाय?"

"हो. दुपारचे बारा."

"आमाला तर कुनी सांगितला नाय बारा. फक्त राखनदार घरी होता म्हनून बांद फुटला, एवराच सांगितला. पानी तर सांजचा शिरला." ती माझ्याजवळ सरकली. "त्या दिवसाची तिथी काय होती?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी मोबाईलवर ती इंग्रजी तारीख घातली. "वद्य अष्टमी," मी वाचलं.

तिने अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. मग एकेक पेर पुढे सरकत गेली. "आठाची पाऊन सहा. सकाली सहा, सांजचे सहा." ती थांबली. "बाराला तर सुकती. पूर्न सुकती. न अष्टमीला भांग. भांगाचा पानी बांदाच्या गुडघ्याला लागत नाय."

साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा सरकारी कागद एका अंगठ्याने पाडला होता. तो कागद इतकी वर्षं इंग्रजीत होता आणि हे गणित इतकी वर्षं या ओट्यावर होतं. दोघांची गाठच पडली नव्हती. मी आनंदाने जवळजवळ नाचलेच. "आजी, म्हणजे अहवाल चूक आहे! दुपारी बाराला बांध भरतीने फुटूच शकत नाही!"

पण चांगुणाबाय नाचली नाही. ती पुन्हा पुन्हा पेरं मोजत होती. मग उठली आणि आत गेली. मी निघेपर्यंत बाहेर आलीच नाही. सुगंधाताई म्हणाली, "त्यांचा असाच. बापाचा विषय निगला का गप होतान."

जुना बाजार

मी रिक्षातूनच बिरादार सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "तिथी कुठून काढलीस?"

"मोबाईलवरून."

"तळटीपेत काय लिहिणार, माझा मोबाईल, पान अमुक? त्या सालचं छापील पंचांग शोध."

सरांना एकदा मिठी मारावी आणि एकदा खाडीत ढकलावं असं मला एकाच वेळी वाटलं. साठ वर्षांपूर्वीचं पंचांग कोण ठेवतं? ते तर पाडव्याला बदलतात आणि जुन्यात फरसाण बांधतात. सुगंधाताईला विचारलं तर तिने सासूला विचारून सांगितलं, की आगराचं मीठ पनवेलच्या ज्या घराच्या गलबतांतून मुंबईला जायचं, त्या घरात विचार.

त्या घरातले कासमचाचा आता पनवेलच्या जुन्या बाजारात दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान चालवतात. दुकानात शिरलं की सुताचा आणि डांबराचा वास येतो. चाचा सत्तरीचे, टोपी, चष्म्याला दोरी. मी घाबरत घाबरत विचारलं, "तुमच्याकडे जुनी पंचांगं असतील का?" आणि लगेच मला अवघडल्यासारखं झालं. मुसलमानाच्या दुकानात येऊन मी पंचांग मागत होते.

चाचा हसले. "बैस बेटा. घाबरतेस कशाला? आमचे दादाजान पाच वक्ताचे नमाजी. पन पंचांग बगितल्याशिवाय गलबत सोडायचे नाय. दर्याला मजहब नसतो, त्याला चांद समजतो. आमच्या म्हयन्याचा हिसाब चांदचाच, तुमची तिथीपन चांदचीच. फरक काय तो आपल्यात."

त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली. जाड फडक्यात बांधलेली पंचांगं, सालवार लावलेली. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण आतली अक्षरं स्वच्छ. मी चाचांच्या समोर बसून ते साल काढलं, महिना काढला, बोट खाली खाली आणलं. वद्य अष्टमी. छापील. मोबाईल खरं बोलला होता.

मग चाचांनी मला त्या पानाचा समास दाखवला. तिथे शिसपेन्सिलीने बारीक टिंबं होती. "दादाजानची निशानी. ज्या दिवशी गलबत भरायचा त्या दिवशी टिंब." मी पानं उलटत गेले. पौर्णिमेच्या आगेमागे टिंबं, अमावास्येच्या आगेमागे टिंबं, आणि दर पंधरवड्याला अष्टमी-नवमीला समास कोरा. महिन्यामागून महिने, सालामागून सालं.

"भांगाला खाडीत पानीच नसायचा बेटा. भरलेला गलबत चिखलात बसायचा. मग भरून करायचा काय?"

मी कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागांकडे बघत होते. इतिहास म्हणजे लिहिलेलं, असं मी समजत होते. न लिहिलेलंही इतकं बोलतं, हे मला त्या दिवशी कळलं. चाचांनी पेटी बाहेर न्यायला साफ नकार दिला, पण फोटो काढू दिले, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी "पान दुमडू नको हां" असं सांगत मागे उभे राहिले. वर मलाच शेवयांची खीर खायला घातली. एवढ्या जुन्या कागदांना इतकं जपणारा माणूस मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातसुद्धा पाहिलेला नाही.

पुन्हा गावात

मधला एक दिवस मी ताईच्या गॅलरीत बसून ते पान नव्याने लिहिलं. चाळीस पानं लिहायला मला दहा दिवस लागले होते. या एका पानाला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. "अक्षम्य" तर गेलंच, पण "निश्चितच", "अर्थातच", "यात शंका नाही" हेही सगळं गेलं. ताई मधून मधून येऊन विचारायची, "झालं का गं?" आणि मी कागदावरचा आणखी एक शब्द खोडलेला असायचा.

शेवटच्या दिवशी मी ते पान घेऊन गावात गेले. छापल्यावर त्यांनी वाचावं त्यापेक्षा आधी ऐकावं, असं मला वाटलं. ओट्यावर चांगुणाबाय भिंतीला टेकून बसली होती. सुगंधाताई अंगणवाडीतून नुकतीच आली होती. मी पंचांगाची गोष्ट सांगितली, टिंबांची सांगितली. सुगंधाताईने टाळीच वाजवली.

"मंग आता लिव ना, आगराच्या मालक शेठनी मानसा लावून बांद फोरला. सगल्या गावाला म्हाईत हाय. त्याना आगर नको झालता."

मी म्हटलं, "ते मला लिहिता येणार नाही."

"का नाय?"

"अहवाल खोटा आहे, एवढं सिद्ध होतं. खरं काय झालं, ते होत नाही. खेकड्यांनी बांध पोखरला असेल, उघाडीची फळी कुजली असेल, कुणी फोडलाही असेल. गावाला तसं वाटत आलंय, एवढं मी लिहीन."

सुगंधाताईचा चेहरा उतरला आणि मग तापला. "साठ वर्सं या घरानी ऐकून घेतला. माझ्या सासूला लग्नात बोलले, माझ्या नवऱ्याला शालेत बोलले, राखनदाराचा नातू झोपला बग. न तू एक वाक्य लिवाला घाबरतेस? मंग आलीस कशाला?"

तिचं खरंच होतं. माझ्या हातात पेन होतं आणि तिच्या घरावर डाग होता. शेवटी मी पिशवीतून माझा जुना पेपर काढला, ते तांबड्या शाईचं पान उघडलं आणि तिला वाचून दाखवलं. अक्षम्य हलगर्जीपणासकट.

"हे मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "तुम्हाला न विचारता, एका कागदावर विश्वास ठेवून. शेठच्याही घरी नाती असतील. मी आज तसंच त्यांच्याबद्दल लिहिलं, तर मी काय शिकले?"

सुगंधाताई माझ्याकडे बघत राहिली. रागच होता तो. बोलली ती चांगुणाबाय.

"नवा काय लिवलास ता वाच."

मी वाचलं. अहवालात दिलेली वेळ दुपारी बाराची आहे. त्या दिवशी वद्य अष्टमी होती, छापील पंचांगात तशी नोंद आहे. किनाऱ्यावरच्या भरतीच्या हिशोबाप्रमाणे त्या वेळी पूर्ण ओहोटी असते, आणि अष्टमीला उधाण नसते. त्यामुळे दुपारच्या भरतीने बांध फुटला हे अहवालाचे म्हणणे टिकत नाही. बांध कशाने फुटला ते सांगता येत नाही. राखणदार त्या वेळी बांधावरच होते, असे त्यांची मुलगी चांगुणाबाय सांगते.

"ता शेवटचा काड," ती म्हणाली.

"काय काढू?"

"बांदावरच होता, ता काड. तो घरी आलता."

सुगंधाताईने मान वळवून सासूकडे पाहिलं. तीस वर्षं एका घरात राहून तिने हे ऐकलं नव्हतं.

"बाप खरा बोलला सरकारच्या कारकुनाला, जेवाला गेलतो म्हनून. त्यानी तेवराच लिवला. मंग आयशीनी आमाला सगल्या पोरांना बसवून सांगितला, परत कंदी कुनाला सांगाचा नाय. बाप बांदावरच होता, असाच सांगाचा. मी आठ वर्सांची होती. मंग सांगतच रायली." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "आयस शेतावर गेलती. मीच वाढला त्याला. भाकर न सुकट. खाऊन उठत होता, तर मी बोलली, बाबा, आनकी एक खा. मना भाकरी नव्याच कराला येत होत्या, म्हनून. तो बसला परत. दुसरी भाकर खाल्लीन, पानी प्याला न मंग गेला."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रेलर गेला आणि दाराची काच थरथरली.

"गावात कुनी बापाचा नाव काडला ना, तर मना ती भाकर दिसाची. मी नसती दिली तर तो लवकर गेला असता. बांदावर असता. बांद फुटला ता दिसला असता त्याला." तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं. "नवरा मेला, त्यालापन नाय सांगितला मी."

मी हळूच म्हटलं, "आजी, ओहोटी होती. ओहोटीला राखणदार जेवायला नाही येणार तर कधी येणार? त्यांना वेळ माहीत होती, म्हणूनच ते आले."

"म्हाईत हाय. त्या दिवशी मोजला मी. तवापासून रोज मोजते." तिने अंगठा पुन्हा करंगळीवर ठेवला आणि सावकाश, एकेक पेर दाबत पुढे नेला. शेवटच्या पेराशी येऊन ती थांबली आणि माझ्याकडे नाही, सुनेकडे नाही, समोर अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिली.

"सांजच्या सहाला पानी," ती म्हणाली. "म्हंजे तिसरी दिली असती तरी चालला असता."